चाल दिसते, हात दिसत नाही

संभाजीनगरच्या गारखेड्यात आमच्या गल्लीत नववीतला एक मुलगा राहतो. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी तो फोन घेऊन दारात उभा राहिला. "काका, हे बघा ना." बुद्धिबळाच्या एका मोठ्या संकेतस्थळाकडून त्याला मेल आला होता. खेळाच्या प्रामाणिकपणाचे नियम मोडल्यामुळे तुमचं खातं बंद केलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. नेमकं काय मोडलं, कोणत्या डावात, कशावरून कळलं, याबद्दल एक ओळ होती: आमच्या तपासाच्या पद्धती आम्ही उघड करत नाही.

मी सरळ विचारलं, "केलंस का?" तो म्हणाला, "नाही केलं. पण काय केलं म्हणतात ते तरी सांगायला पाहिजे ना?"

संख्याशास्त्र शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. 'नाही केलं' या शब्दांना पुरावा म्हणून फार वजन नसतं हे मला माहीत आहे. चोरही तेच म्हणतो आणि सावही. पण त्याचा दुसरा प्रश्न मला टाळता आला नाही.

आधी संगणकाची मदत घेऊन खेळण्याची ही चोरी एवढी सोपी का झाली ते पाहू. १९९७ च्या मे महिन्यात 'डीप ब्लू' या आयबीएमच्या यंत्रानं तेव्हाचा विश्वविजेता कास्पारोव याला हरवलं. ते यंत्र खोलीतल्या कपाटाएवढं होतं. आज त्याहून बलवान 'स्टॉकफिश' हे इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) फुकट मिळतं आणि दहा हजारांच्या फोनवर चालतं. मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग २८८२; माणसानं गाठलेलं सगळ्यात वरचं. इंजिनांचं रेटिंग साडेतीन हजारांच्या आसपास धरतात. दोन्ही मोजपट्ट्या एक नाहीत, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो: राज्य पातळीवरचा चांगला खेळाडू कार्लसनपुढे जेवढा दुबळा, साधारण तेवढाच कार्लसन खिशातल्या फोनपुढे.

म्हणून विश्वनाथन आनंदसुद्धा हरू शकतो. १३ जून २०२१ रोजी कोविडच्या मदतनिधीसाठी चेस डॉट कॉमवर आनंदचा नामवंतांशी एकाच वेळी अनेक डावांचा सामना ठेवला होता. आमिर खान होता, युजवेंद्र चहल होता आणि 'झिरोधा'चे सहसंस्थापक निखिल कामत होते. कामत यांनी आनंदला हरवलं. त्यांच्या खेळाची अचूकता ९८ टक्क्यांच्या वर निघाली. हौशी माणसाकडून असा डाव होणं म्हणजे गल्लीतल्या पोरानं बुमराहला सहा चेंडूंत सहा षटकार मारणं. दुसऱ्या दिवशी कामत यांनी कबूल केलं की डावाचं विश्लेषण करणाऱ्या माणसांची आणि संगणकाची मदत घेतली होती. संकेतस्थळानं खातं बंद केलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा उघडलं. डाव रेटिंगचा नव्हता आणि आनंदलाही प्रकरण पुढे न्यायचं नव्हतं, असं कारण दिलं. इथे कारण तरी मिळालं. खातेदार कामत होते म्हणून मिळालं, असं आमच्या गल्लीतल्या मुलाचं मत आहे आणि ते खोडून काढायला माझ्याजवळ फारसं काही नाही.

आपल्याकडे फसवणूक पकडायची म्हणजे रंगेहाथ. २०१७ च्या मे महिन्यात याच शहरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी परीक्षा संपल्यावर एका घरात बसून उत्तरपत्रिका नव्यानं लिहीत होते. पोलिसांनी छापा घातला, उत्तरपत्रिका हातातच सापडल्या. २००६ मध्ये दिल्लीच्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथचं यंत्र शिवलेलं निघालं आणि महासंघानं त्याला दहा वर्षांची बंदी घातली. टोपी टेबलावर ठेवली की वाद संपतो. ऑनलाइन डावात ना टोपी दिसते ना हात. दिसते फक्त चाल, आणि ती खेळायला लागलेला वेळ. आरोप या दोन गोष्टींवर उभा करावा लागतो.

वेळ ही गोष्ट किती बोलकी असते ते मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांच्या अनुभवावरून कळतं. ठिपसे १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. २०१५ मध्ये दिल्लीत, समोरासमोरच्या डावात, त्यांच्यापुढे खूप कमी रेटिंगचा एक तरुण बसला होता. तो चांगला खेळत होता, पण ठिपसेंना खटकलं वेगळंच. चाल सोपी असो की अवघड, त्याला साधारण दोनच मिनिटं लागत होती. समोरच्यानं वजीर मारला तर आपण विचार न करता परत मारतो. गुंतागुंतीच्या जागी दहा मिनिटं डोकं धरून बसतो. माणसाचं घड्याळ असं लंगडत चालतं. या तरुणाचं मात्र टपाल खात्यासारखं चाललं होतं: चाल बाहेर कळवायची, उत्तर यायचं, मग खेळायची. झडतीत अंगावर लपवलेले मोबाइल आणि कानातलं इवलंसं यंत्र सापडलं. ऑनलाइन संकेतस्थळांचे संगणक हेच पाहतात, फक्त लाखो डावांत एकाच वेळी.

चालींची तपासणी त्याहून किचकट. पहिला विचार असा येतो की खेळाडूच्या चाली इंजिनाच्या पहिल्या पसंतीशी किती जुळल्या ते मोजावं. पण सुरुवातीच्या चाली सगळ्यांच्या पाठ असतात. राजाला शह बसला आणि एकच चाल शक्य असेल तर मीही शंभर टक्के स्टॉकफिश. हत्तीनं पुढे असलेला डाव कुणीही जिंकतो. म्हणून हे सगळं गाळून उरलेल्या, खरोखर निवड करावी लागते अशा जागाच मोजायच्या. बफलो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रेगन हेच काम करतात. ते स्वतः बुद्धिबळाचे इंटरनॅशनल मास्टर आहेत आणि जागतिक महासंघ फिडे त्यांची मदत घेतो. त्यांचं गणित असं विचारतं: या रेटिंगच्या माणसानं या जागी ही चाल शोधण्याची शक्यता किती? शंभर-दोनशे जागांवर मिळून तो अपेक्षेपेक्षा किती पुढे गेला? याशिवाय प्रत्येक चालीत किती नुकसान झालं ते एका प्याद्याच्या शंभराव्या भागात मोजतात. खेळाडू पडद्यावरची खिडकी बदलून दुसरीकडे गेला का, हेही संकेतस्थळं पाहतात. (आमच्याकडे दर पाच मिनिटांनी आईचा व्हॉट्सॲप कॉल येतो, तेव्हाही खिडकी बदलते. म्हणून या खुणेवर एकटीवर कुणी शहाणा माणूस भिस्त ठेवत नाही.)

या सगळ्याचा निकाल शेवटी एका आकड्यात येतो, ज्याला आम्ही झेड म्हणतो: अपेक्षेपासून किती प्रमाण-विचलनं दूर. झेड ३ म्हणजे निव्वळ योगायोगानं असं घडण्याची शक्यता सुमारे ७४० मध्ये एक. ऐकणारा लगेच म्हणतो, "म्हणजे तो दोषी असण्याची शक्यता ७४० पैकी ७३९!" वर्गात दरवर्षी हीच चूक व्हायची, वर्तमानपत्रांतही होते.

चूक कुठे आहे ते एका हिशेबानं दाखवतो. चेस डॉट कॉमनं २०२२ मध्ये म्हटलं होतं की फसवणूक करणारे खेळाडू ०.१४ टक्क्यांहून कमी आहेत. तोच आकडा धरू. एक लाख खेळाडू घ्या. त्यांत १४० लबाड, ९९,८६० प्रामाणिक. आता समजा तुमची चाचणी ९९ टक्के खरी आहे: लबाडांतले ९९ टक्के पकडते आणि प्रामाणिकांतल्या फक्त एक टक्क्यावर चुकून बोट ठेवते. लबाड सापडले १३९. चुकून अडकलेले प्रामाणिक ९९९. जाळ्यातल्या दर शंभरांत लबाड फक्त बारा! चाचणी ९९ टक्के खरी, आणि तरी तिनं दाखवलेला माणूस बहुधा निर्दोष. चुकीचं प्रमाण दहा हजारांत एकावर आणलं तर मात्र निर्दोष अडकतात दहा, म्हणजे जाळ्यातल्या शंभरांत जेमतेम सात. म्हणून जाणकार झेड ३ वर नाही तर ४, ५ वर बोलतात. झेड ५ म्हणजे पस्तीस लाखांत एक. आणि तरीही, रोज लाखो डाव होत असताना, पस्तीस लाखांतलं एक कुठेतरी घडतच असणार.

एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी: चाचणीची चाळणी कोणती, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न तिची भोकं किती मोठी ठेवली हा आहे. तोच प्रश्न संकेतस्थळं झाकून ठेवतात.

झाकण्याचं त्यांचं कारण खोटं नाही. पोलिसाचा खबरी कोण हे गावाला कळलं की खबरी निकामी होतो. 'चाळीस सेकंदांच्या आत सलग सहा चाली पहिल्या पसंतीच्या आल्या की आम्ही लक्ष ठेवतो' असं जाहीर केलं, तर लबाड पाच चाली इंजिनाच्या खेळेल आणि सहावी मुद्दाम साधी. हुशार लबाडाला तसंही प्रत्येक चालीला मदत लागत नाही. डावात एकदाच, नेमक्या वळणावर 'इथे काहीतरी आहे' एवढी खूण मिळाली तरी ग्रँडमास्टरला पुरते. तो पकडणं आधीच कठीण आहे. त्याला नकाशा कशाला द्यायचा?

याच्या विरुद्ध एक जुना, भारदस्त सिद्धांत आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यानं १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहिलं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे. गुप्त असावी ती फक्त किल्ली. आजचे बँकांचे व्यवहार याच तत्त्वावर चालतात. पण मला वाटतं हा सिद्धांत इथे उसना आणून भागत नाही. कुलूप चोराला अडवतं. त्याची रचना माहीत असूनही उघडता येऊ नये, असं ते बनवता येतं. चाळणी चोराला ओळखते, आणि आपण चाळणीला कसे दिसतो हे चोराला कळलं की तो रूप बदलतो. लीचेस या फुकट संकेतस्थळानं मधला मार्ग काढला आहे. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं ते २०१० मध्ये सुरू केलं. त्याचा प्रोग्राम सगळ्यांना पाहायला खुला आहे. लबाडी हुडकायच्या 'अर्विन' या प्रोग्रामचा कोडही खुला आहे. निर्णयात माणसांचाही वाटा असतो, पण अमुक खातं का बंद केलं याचा तपशील तेही देत नाहीत. कोड खुला म्हणून ते संकेतस्थळ लबाडांनी बुडवलं नाही. तेवढी गोष्ट झाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

माझ्या मते सापळा आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्यांना एकच समजण्यातून होतो.

बोर्डाच्या परीक्षेचं पाहा. भरारी पथक कोणत्या केंद्रावर, किती वाजता येणार हे कुणी आधी सांगत नाही. सांगितलं तर पथकाला अर्थ काय? पण कॉपी सापडली की विद्यार्थ्याला काय सापडलं ते दाखवतात, नोटीस देतात, बाजू मांडायला बोलावतात. आयकर खात्याचंही तसंच. कोणतं विवरणपत्र तपासणीला काढायचं हे ज्या निकषांवर संगणक ठरवतो ते खातं जाहीर करत नाही. पण जुनं प्रकरण पुन्हा उघडायचं म्हटलं, तर करदात्यानं मागितल्यावर कारणं द्यावीच लागतील आणि त्याच्या आक्षेपावर सकारण आदेश काढावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 'जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स' प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं. उत्तेजक चाचणीत खेळाडूच्या दारात नमुना घ्यायला कधी येतील हे गुपित. कोणती द्रव्यं बंद आहेत ती यादी जाहीर, आणि पहिला नमुना दोषी निघाला तर दुसरी बाटली त्याच्यासमोर उघडून घेण्याचा त्याला हक्क. सापळा गुप्त, निकाल उघड. ही पद्धत कुणी बुद्धिबळासाठी नव्यानं शोधायची गरज नाही.

बुद्धिबळात मात्र उलटं दिसतं. २०२० च्या सप्टेंबरात प्रो चेस लीग या चेस डॉट कॉमच्या सांघिक स्पर्धेची अंतिम लढत आर्मेनियाच्या संघानं जिंकली. संकेतस्थळानं तपास करून संघाचं विजेतेपद काढून घेतलं आणि त्यांचा ग्रँडमास्टर टिग्रान पेट्रोस्यान याच्यावर आजन्म बंदी घातली. त्यानं आरोप नाकारला. कोणत्या चाली, कोणता आकडा, यावर बाहेरच्यांना काही तपासता आलं नाही. मग आलं अमेरिकेचा ग्रँडमास्टर हान्स नीमन याचं प्रकरण. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईसच्या सिंकफील्ड कपमध्ये नीमनकडून हरल्यावर कार्लसननं स्पर्धाच सोडली. महिन्याभरात चेस डॉट कॉमनं ७२ पानांचा अहवाल छापला: नीमननं शंभराहून जास्त ऑनलाइन डावांत बहुधा फसवणूक केली. समोरासमोरच्या डावांत ठोस पुरावा नाही, हेही त्यात होतं. आधी बंद दारामागे मिटवलेलं प्रकरण, खासगी पत्रव्यवहार, सगळं एका फटक्यात जगासमोर आलं. नीमननं दहा कोटी डॉलरचा दावा लावला. २०२३ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला आणि ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंनी समेट केला.

या कथेतला मला सगळ्यात बोलका वाटतो तो शेवटचा भाग, जो फारसा कुणी वाचला नाही. फिडेच्या आयोगानं डिसेंबर २०२३ मध्ये निर्णय दिला. कार्लसनला सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल दहा हजार युरो दंड झाला. आणि फिडेच्या तपासात नीमनचे संशयास्पद ऑनलाइन डाव निघाले ३२ ते ५५. तोच खेळाडू. एका चाळणीतून शंभरावर डाव पडले, दुसरीतून त्याच्या निम्मे किंवा तिसरा हिस्सा. नीमन दोन्हीकडे निर्दोष ठरत नाही, हे मान्य. पण ज्याच्या बाबतीत फिडे नाही, ७२ पानं नाहीत, दुसरी चाळणीच नाही, त्याचं काय?

झाकाझाकीचं दुसरं नुकसान याहून वाईट आहे. अधिकृत उत्तर नसलं की प्रत्येक जण घरच्या घरी चाळणी बनवतो. २०२३ च्या नोव्हेंबरात माजी विश्वविजेता व्लादिमिर क्रॅमनिक यानं ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराच्या सलग ४६ डावांत ४५.५ गुणांच्या मालिकेवर बोट ठेवलं. ऐकायला अशक्य वाटतं. पण नाकामुरा ऑनलाइन हजारो डाव खेळला आहे, त्यातले कितीतरी आपल्याहून दुबळ्यांशी. एवढ्या डावांत अशी एखादी लांब मालिका सापडणं अपेक्षितच. क्रॅमनिकनं हजारो नाणेफेकींतला सलग छाप पडलेला तुकडा उचलला आणि विचारलं, हे कसं शक्य आहे? चेस डॉट कॉमनं तपासून त्यात काही गैर नसल्याचं जाहीर केलं. क्रॅमनिक थांबला नाही. अमेरिकेचा ग्रँडमास्टर आणि लाडका शिक्षक डॅनियल नारोदित्स्की याच्यावरही तो जाहीर संशय घेत राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नारोदित्स्कीचं २९ व्या वर्षी निधन झालं. त्याचा आणि आरोपांचा संबंध जोडायला मी कोणी नाही. पण जिवंतपणी त्याला ते आरोप सोसावे लागले, हे खरं आहे. आणि नंतर फिडेनं क्रॅमनिकच्या वर्तनाचं प्रकरण आपल्या नैतिकता आयोगाकडे सोपवलं.

उघडपणानं काम बिघडत नाही याचा दाखला आपल्याकडचाच आहे, फक्त फसवणुकीचा नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत भारत रशियाशी खेळत होता. नाशिकचा विदित गुजराती कर्णधार. जगभर अनेक ठिकाणी इंटरनेट कोसळलं आणि निहाल सरीन व आपली नागपूरची दिव्या देशमुख यांची घड्याळं पळत राहिली. भारतानं रीतसर दाद मागितली, तपास झाला आणि फिडेनं दोन्ही देशांना सुवर्ण दिलं. कारण काय, दाद काय, निकाल काय, सगळं सगळ्यांना कळलं. रशियाचे लोक कुरकुरले असतील. पण नेमकं कशावर कुरकुरायचं ते त्यांना माहीत होतं.

आता गल्लीतल्या मुलाकडे येतो. चार-पाच दिवसांनी मी त्याला पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या तऱ्हेनं: "तुझ्या खात्यावरून तुझ्याशिवाय कोण खेळतं?" तो थोडा थांबला. "पुण्याचा मावसभाऊ सुट्टीत यायचा ना, तो. तो भारी खेळतो." म्हणजे कदाचित ते कारण असेल. एका खात्यावर दोघांनी खेळणं हाही नियमभंग, आणि अचानक रेटिंगला पंख फुटलेले चाळणीला दिसले असतील. किंवा ते कारण नसेलही. कदाचित मुलगा माझ्याशीही अर्धंच बोलला असेल. मेलमध्ये 'खातं दुसऱ्यानं वापरल्याची चिन्हं' एवढे चार शब्द असते, तर कोणताही सापळा उघडा पडला नसता. मुलगा अपराधी असेल तर त्याला काय सोडायचं ते कळलं असतं आणि नसेल तर कशाचं उत्तर द्यायचं ते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. चाळणीची भोकं दाखवू नका. पण आरोपाचा प्रकार सांगा: इंजिन, दुसऱ्याचा हात, की दोन खाती. दाद मागितल्यावर ती पहिला निर्णय न घेतलेल्या माणसानं वाचावी. आणि बंद केलेल्या खात्यांचे आकडे जसे मिरवता, तसे चुकून बंद करून परत उघडलेल्या खात्यांचेही छापा. ज्या खेळाडूचं नाव, बक्षीस किंवा पोट पणाला लागलं आहे, त्याला तर याहून जास्त: डाव, आकडे आणि ते बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवण्याची मुभा. फुकट खात्यावर खेळणाऱ्या नववीतल्या मुलासाठी ७२ पानं कुणी लिहावीत असं मी म्हणत नाही.

मुलानं माझ्या मदतीनं अर्ज लिहिला, मावसभावाची गोष्ट त्यात खरीखरी सांगून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं: फेरविचार केला, निर्णय कायम. कारण याही वेळी नव्हतं. तो आता रविवारी विभागीय क्रीडा संकुलात लाकडी पटावर खेळतो. आत जाताना पंच सगळ्यांचे फोन बंद करून प्लास्टिकच्या टबात ठेवायला लावतात.